क्रेटमध्येच घाण करणाऱ्या पिल्लाला वळण कसं लावावं

'कुत्रं स्वतः झोपतं तिथे घाण करत नाही.' क्रेट ट्रेनिंगचा, म्हणजे पिल्लाला दार असलेल्या पिंजऱ्यात (क्रेटमध्ये) झोपवून शी-शू रोखायला शिकवण्याचा, सगळा डोलारा या एका वाक्यावर उभा आहे, आणि तुमचं पिल्लू नेमकं तिथेच सगळं उरकून वर त्यातच ताणून देतंय. अशा वेळी हमखास मिळणारा सल्ला म्हणजे, "अजून थोडा जास्त वेळ आत ठेवा, आपोआप रोखायला शिकेल." शिकत नाही. या पिल्लाच्या लेखी क्रेट हाच संडास आहे. त्याला संडासात जास्त वेळ कोंडून ठेवलं तर सवय मोडत नाही, पक्की होते.

ही सवय बहुतेक वेळा तुमच्या घरी येण्याआधीच लागलेली असते. साधारण तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं झोपायच्या जागेपासून जरा लांब सरकून शू करायला लागतात. मात्र त्यासाठी सरकायला जागा हवी. जी पिल्लं अरुंद पिंजऱ्यात वाढतात, त्यांना झोपणं, खाणं आणि शी-शू सगळं एकाच ठिकाणी करावं लागतं. आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पायाखाली कशाचा स्पर्श झाला की मोकळं व्हायचं हे ठरू लागतं, आणि यांच्या बाबतीत ते चुकीचं ठरलेलं असतं. त्यात खोडसाळपणा शोधू नका.

आधी दोन शंका मिटवा

पिल्लू सारखी थोडी थोडी लघवी करत असेल, लघवीत रक्त असेल, पाणी अचानक खूप पीत असेल किंवा शी पातळ असेल, तर वळण लावायच्या भानगडीत पडू नका. आधी पशुवैद्याकडून लघवी आणि शी तपासून घ्या. मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा पोटातले जंत शिस्तीने बरे होत नाहीत.

दुसरी शंका भीतीची. एरवी कोरडं राहणारं पिल्लू तुम्ही दाराबाहेर पडताच काही मिनिटांत क्रेट घाण करतं, लाळ गाळतं, गज चावतं, ओरडून घर डोक्यावर घेतं? मग तो एकटेपणाच्या घबराटीचा प्रश्न आहे. त्याचा इलाज वेगळा, आणि तोवर त्याला क्रेटमध्ये बंद करणं थांबवा.

क्रेट रिटायर करा

तात्पुरता, पण पूर्ण. दिवसा पिल्लू एकतर पट्ट्याने तुमच्या कमरेला बांधलेलं, नाहीतर प्लेपेनमध्ये (म्हणजे जाळीच्या कुंपणाने आखलेल्या मोकळ्या जागेत), आणि त्या प्लेपेनच्या एका टोकाला शू-शीची जागा. तिथे शक्यतो बाहेर मिळणार तोच पृष्ठभाग ठेवा: बाहेर गवत असेल तर गवताचा ट्रे. मऊ पॅड अंथरलंत तर उद्या पायपुसणं आणि गालिचा यांच्यावर पाणी सोडा.

क्रेट धुताना एन्झाइमवालं (लघवीचा वास मुळातून घालवणारं) क्लीनर वापरा आणि बाटलीवर लिहिलंय तितका वेळ ते ओलं राहू द्या. अमोनिया असलेलं काहीही नको, त्याच्या वासात पिल्लाला लघवीचीच आठवण येते. ट्रे उचलून त्याच्या खालची बाजूही धुवा. गादी काढून टाका, कारण शू शोषून घेणारी गादी पिल्लाला कोरडं ठेवते आणि घाण करणं सोपं करते. क्रेट लहान करण्याचा सल्लाही सर्रास दिला जातो. उभं राहता यावं, वळता यावं, आडवं होता यावं एवढीच जागा हवी हे खरं, पण घाणीत झोपायची सवय झालेलं पिल्लू लहान क्रेटमध्येही झोपतंच.

बाहेर नेणं, म्हणजे खरं काम

झोपेतून उठल्यावर, खेळ संपल्यावर, खाल्ल्यानंतर ५ ते ३० मिनिटांत, आणि यातलं काहीही नसलं तरी तासाभराने बाहेर. हे सगळ्यांना पाठ असतं. गाडी अडते पुढे. पिल्लू बाहेर जातं, पानं हुंगतं, फुलपाखरामागे धावतं, काहीच करत नाही. तुम्ही कंटाळून आत आणता आणि दोन मिनिटांत ते क्रेटमध्ये शू करतं. मला सगळ्यात जास्त घाम या टप्प्याने फोडलाय, आणि बहुतेक लोक हात टेकतात तेही इथेच.

म्हणून एक नियम गाठीला बांधा: रिकाम्या हाताने परत आलेल्या पिल्लाला ना मोकळं सोडायचं, ना क्रेटमध्ये ठेवायचं. ते भरलेलं आहे, आणि भरलेलं पिल्लू फक्त दोन ठिकाणी असू शकतं, बाहेर किंवा तुमच्या हातात. लहान असेल तर कडेवर घ्या, मोठं असेल तर आखूड पट्ट्याने पायाशी बसवा. १० मिनिटांनी पुन्हा बाहेर. पुन्हा काही नाही? पुन्हा कडेवर, पुन्हा बाहेर. पिल्लाला क्रेटमध्ये शू करायची संधीच मिळता कामा नये, कारण ती प्रत्येक संधी जुन्या सवयीला खतपाणी घालते.

बाहेर गेल्यावर फिरायला जाऊ नका. एकाच जागी, पट्ट्यावर, झाडासारखे उभे राहा. बोलू नका, फोन काढू नका, "कर ना, कर ना" अशी विनवणी करू नका. पाचेक मिनिटांत काही झालं नाही तर त्याच जागेच्या आसपास थोड्या येरझाऱ्या घाला, चालण्याने पोट हलतं. शू झाली की ती पूर्ण संपू द्या. मध्येच टाळ्या पिटल्यात तर पिल्लू अर्धी शू रोखून तुमच्याकडे धावतं आणि उरलेली घरात करतं. संपल्यावर लगेच, तिथल्या तिथे खाऊ. घरात येऊन डबा उघडून दिलेला खाऊ हा पिल्लाच्या हिशोबी घरात आल्याबद्दलचा असतो. खेळ आणि फेरफटका शू झाल्यानंतर. शू केली की मजा संपते हे एकदा त्याला कळलं की ते मुद्दाम रोखून धरतं.

लसी पूर्ण झाल्या नसतील तर अनोळखी कुत्री येतात अशी जागा निवडू नका. पार्वो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत महिनोन्महिने टिकतो.

आणि नाक घाणीत घासणं, ओरडणं, वर्तमानपत्राची गुंडाळी हे सगळं बंद. नीती-अनीतीचं राहू द्या, निव्वळ व्यवहार बघा: ज्या पिल्लाने शू केल्याबद्दल मार खाल्लाय ते तुमच्यासमोर शू करत नाही. मग पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही असताना ते बाहेर तरी कसं करेल? ते सोफ्यामागे जाऊन करणार.

क्रेट परत आणताना

बाहेर नेमाने व्हायला लागलं आणि प्लेपेनमधली झोपायची बाजू कोरडी राहू लागली, की मगच. क्रेट वेगळ्या खोलीत ठेवा, शक्य असेल तर तळही बदला, म्हणजे जुनी ओळख पुसली जाईल. दार उघडं ठेवून सगळी जेवणं आत द्या. दार लावायचं ते फक्त नुकतंच शी-शू करून आलेल्या पिल्लामागे, आणि सुरुवातीला काही मिनिटंच.

वयाचे महिने अधिक एक, एवढे तास पिल्लू रोखू शकतं असा ठोकताळा आहे. दोन महिन्यांचं असेल तर तीन तास. ती कमाल मर्यादा समजा; तुमच्या पिल्लासाठी तिच्या निम्म्याच्याही आत राहा. लहान जातींना आणखी कमी.

रात्री क्रेट तुमच्या पलंगाशेजारी. पिल्लू ज्या वेळेला घाण करतं त्याच्या अर्धा तास आधीचा गजर लावा आणि त्याला उचलून बाहेर न्या, ते रडायची वाट पाहू नका. दिवा मंद, गप्पा नाहीत, परत आत. काही रात्री कोरड्या गेल्या की गजर १५ मिनिटांनी पुढे ढकला. ओला क्रेट दिसला तर मुकाट्याने आधीच्या वेळेवर या.

गादी सगळ्यात शेवटी. तोवर एखादा जुना टॉवेल घाला, आणि तोही भिजला तर नुसता तळ.