रान माजलेल्या जागेत भाजीपाला लावताय? या चुका टाळा

सोसायटीच्या मागे, कंपाउंडच्या भिंतीला लागून बऱ्याच ठिकाणी एक पट्टा वर्षानुवर्षं पडून असतो. तिथे भाजी लावायचं ठरतं, माणूस बोलावला जातो, दोन दिवसांत सगळं गवत कापून जागा चकाचक होते. जुलै उजाडेपर्यंत तिथे पुन्हा कंबरेएवढं रान उभं राहतं आणि उत्साह तिथेच संपतो. कापणाऱ्याने कामचुकारपणा केलेला नसतो. मुंबईच्या पावसात उघडी माती रिकामी राहतच नाही. जमिनीत बी, गाठी, मुळ्या आधीच असतात, आणि वरचं झाकण काढून आपणच त्यांना ऊन देतो. म्हणून साफसफाईचा हिशेब किती जागा कापली यावर करू नका, किती जागा लगेच झाकता किंवा लावता येईल यावर करा.

सगळी जागा एकदम मोकळी करणं

दोन माणसं फक्त शनिवार-रविवार वेळ देणार असतील तर पहिल्या हंगामात १०० ते १५० चौरस फूट पुरे. बाकीच्या जागेतलं गवत फुलोऱ्यावर येण्याआधी घोट्याएवढं कापत राहा आणि त्यावर पुठ्ठा अंथरा. वाण्याकडे मिळणारे मोठे खोके चालतात, पण त्यांवरची प्लास्टिकची पट्टी आणि पिना काढून टाका. एका पुठ्ठ्यावर दुसरा निदान अर्धा फूट चढला पाहिजे, कारण गवत नेमकं फटीतूनच डोकं काढतं. पुठ्ठा नीट भिजवून त्यावर चार ते सहा इंच सुका पालापाचोळा टाका. पावसात पुठ्ठा दीड-दोन महिन्यांत विरघळतो, तेव्हा गणपतीच्या सुमारास दुसरा थर द्यावा लागेल हे धरून चाला. इमारतीच्या भिंतीला आणि झाडाच्या बुंध्याला पुठ्ठा चिकटवू नका, वाळवी लागते.

काय उगवलंय हे न बघता उपटत सुटणं

सगळ्यात महागात पडणारी चूक ही. वरून सगळं हिरवंच दिसतं, पण प्रत्येक तण वेगळ्या रीतीने परत येतं, त्यामुळे प्रत्येकाचा इलाजही वेगळा आहे.

लव्हाळ्यापासून सुरुवात करा, कारण नवा वाफा बुडवतो तो हाच. देठ दोन बोटांत धरून फिरवून बघा. त्रिकोणी लागला तर ते गवत नाही, लव्हाळा आहे. तो ओढला की पान हातात येतं आणि गाठ जमिनीत राहते. खुरप्याने हळूच माती सारली तर तारेसारखी काळपट मुळी दिसते. तिच्या टोकाला हरभऱ्याएवढी किंवा थोडी मोठी गाठ असते, गाठीतून पुढे आणखी एक तार जाते आणि पुढे आणखी एक गाठ. गाठ नखाने सोलली की आत पांढरी आणि वास ओळखीचा, दिवाळीच्या उटण्यातला नागरमोथा याच कुळातला. शेंड्याकडची गाठ जिवंत असेपर्यंत साखळीतल्या बाकीच्या गाठी झोपून राहतात. वरचं उपटलं की त्या एकेक करून जाग्या होतात. एक उपटला तर चार आले असं वाटतं ते यामुळेच.

बहुतेक गाठी वरच्या सहा-आठ इंचांत असतात. कुदळीने ढेकूळ उचला, हाताने फोडा आणि गाठी वेचून घमेल्यात टाका. हे काम एप्रिल-मे महिन्यात करा. उलटलेली माती आणि वर आलेल्या गाठी दहा-बारा दिवस भर उन्हात राहिल्या तर सुकून मरतात. हेच काम जुलैत केलंत तर गाठी फक्त इकडून तिकडे पसरतात. नंतर जो कोंब येईल तो दर पंधरा दिवसांनी गाठीसकट काढा. नव्या रोपाला स्वतःच्या गाठी धरायला साधारण तीन आठवडे लागतात, त्याआधी गाठलं तर जुन्या गाठीतला साठा संपत जातो. एका वर्षात लव्हाळा नाहीसा होणार नाही, पण पाठपुरावा ठेवला तर दुसऱ्या वर्षी तो बराच पातळ झालेला दिसतो. लव्हाळ्यावर काळं प्लास्टिक अंथरून निश्चिंत होऊ नका, त्याचा सुईसारखा कोंब प्लास्टिक फोडून वर येतो. त्याला खरी सोसत नाही ती सावली. रताळ्याचा वेल किंवा दाट ताग यांच्याखाली तो दबतो.

हरळी, म्हणजे आपली दूर्वा, पेरापेरावर मुळं धरते. तिचा दोन पेरांचा तुकडासुद्धा नवीन रोप होतो. म्हणूनच हरळीच्या जागेत माती भुसभुशीत करणारं मशीन फिरवणं ही मोठी चूक आहे. एका वेलीचे शंभर तुकडे करून आपणच लावल्यासारखं होतं. काटेरी दाताळ्याने धागा सैल करत पूर्ण लांबीने ओढा. गणपतीसाठी हवी असेल तर एका कुंडीत ठेवा, वाफ्याच्या कडेला नको.

गाजर गवत मात्र उपटायला सोपं असतं, फक्त वेळ चुकवू नका. एका झाडाला हजारोंनी बी धरतं आणि उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात पांढरी फुलं दिसतात. फुलांआधी, पाऊस पडून माती ओली असताना, मुळासकट काढा. हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट हवाच. याने त्वचेला खाज आणि चट्टे येतात, परागांनी दम्याचा त्रास वाढतो. दमा असलेल्यांनी या कामात उतरूच नये. पावसाळ्यात पानांवर पिवळट, काळ्या नागमोडी रेघांचे भुंगे दिसले तर त्यांना मारू नका. हे मेक्सिकन भुंगे १९८४ मध्ये याच गवतासाठी भारतात आणले गेले. मोकळ्या कडेला टाकळ्याचं बी फेकलं तर तो गाजर गवताला दाबून धरतो. टाकळा, कुर्डू या रानभाज्याच. पण भराव टाकलेल्या किंवा गटाराशेजारच्या जागेतली पानं स्वयंपाकात घेऊ नका.

खाजकुइलीचा वेल हिरवा असतानाच काढा. तपकिरी मखमली शेंगांना हात लागला, नुसती लव वाऱ्याने उडाली, तरी दिवसभर खाज सुटते.

तणनाशकाची घाई

ग्लायफोसेट मारलं की आठ-दहा दिवसांत सगळं पिवळं पडतं आणि काम झालं असं वाटतं. पण लव्हाळ्याच्या झोपलेल्या गाठींपर्यंत ते पोचत नाही. शिवाय केंद्र सरकारच्या २०२२ च्या अधिसूचनेनुसार ते फक्त पेस्ट कंट्रोल ऑपरेटरमार्फत वापरायचं आहे. मुलं खेळतात, मांजरं फिरतात आणि पुढे भाजी खायची आहे अशा जागेत ते नकोच.

मीठ टाकून गवत मारण्याचा सल्लाही ऐकू नका. त्या मातीत पुढे मेथीसुद्धा उगवणार नाही.

आत शिरण्याआधी

गच्च रानात विळा घेऊन थेट घुसू नका. गमबूट घाला, लांब काठीने आपटत पुढे सरका आणि दगड-विटांच्या ढिगात हात घालू नका. आरे, गोरेगाव, मुलुंड, ठाण्याच्या बाजूला घोणस आणि नाग सर्रास आढळतात. साप दिसला तर वनविभागाची १९२६ ही हेल्पलाइन आहे. पावसाळ्यात उंदरांचा वावर असलेल्या साचलेल्या पाण्यात जखमी पायाने काम केलं तर लेप्टोस्पायरोसिसचा धोका असतो. नंतर ताप आला तर अंगावर काढू नका आणि डॉक्टरांना मातीत काम केल्याचं सांगा.

सुबाभूळ असो की उंबर, झाड तोडायला किंवा छाटायलाही १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याप्रमाणे पालिकेची परवानगी लागते. अर्ज वॉर्ड ऑफिसच्या उद्यान विभागात द्या. कापलेलं गवत पेटवू नका, उघड्यावर कचरा जाळायला बंदी आहे. फुलं न आलेलं गवत खतात घाला. लव्हाळ्याच्या गाठी, हरळी आणि बी धरलेलं गाजर गवत खताच्या खड्ड्यात टाकू नका. सोसायटीच्या छोट्या खड्ड्यात बी मरेल इतकी उष्णता तयार होत नाही आणि पुढच्या वर्षी तेच खताबरोबर वाफ्यात येतं.

माती आहे असं गृहीत धरणं

मुंबईत बिल्डिंगच्या मागे जे असतं ते बरेचदा माती नसून राबिट, म्हणजे बांधकामाचा मलबा, असतं. एक फूट खणून बघा. विटा, लाद्यांचे तुकडे, सिमेंटचे गोळे निघाले तर वरची सहा इंच माती चाळून घ्या आणि वाफा जमिनीच्या वर उचला. सिमेंटच्या चुन्यामुळे माती अल्कधर्मी होते, मग खत घालूनही पानं पिवळी राहतात आणि शिरा तेवढ्या हिरव्या दिसतात. त्याच खड्ड्यात बादलीभर पाणी ओता. ते दुसऱ्या दिवशीही तसंच असेल तर पावसाळ्यात मुळं कुजणार हे नक्की.

वाफा चार फुटांपेक्षा रुंद करू नका, म्हणजे आत पाय न ठेवता मधोमध हात पोचतो. उंची पाऊण ते एक फूट, दोन वाफ्यांमध्ये दीड फुटाची वाट. १०० चौरस फुटांवर कंपोस्टचा एक इंच थर द्यायला वीस लिटरच्या साधारण बारा बादल्या लागतात. लाल मातीची पोती विकत घेताना एक पोतं फोडून हात घाला, कारण लव्हाळा बऱ्याचदा याच पोत्यांतून येतो. कच्चं शेणखतही घेऊ नका, त्यातून तणाचं बी आणि हुमणी, म्हणजे मुळं खाणारी अळी, येते. कुजलेलं खत काळसर, भुसभुशीत असतं आणि त्याला शेणाचा वास येत नाही.

कधी काय

उन्हात माती तापवून बी मारायचं असेल तर एप्रिलमध्ये माती नीट भिजवा आणि पारदर्शक, पातळ प्लास्टिक चारही कडा मातीत गाडून चार ते सहा आठवडे ठेवा. कोरड्या मातीवर अंथरलं तर उपयोग होत नाही. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबईत मान्सूनची सरासरी तारीख ११ जून आहे, पण वळीव आधीच येतो, म्हणून मे संपता संपता ते काढा आणि माती पुन्हा खोल उकरू नका. खालचं बी वर आलं की मेहनत वाया जाते.

पहिल्या पावसावर सगळ्या वाफ्यांत भाजी लावण्यापेक्षा निम्म्यात ताग पेरा, १०० चौरस फुटांना ८० ते १०० ग्रॅम. साधारण दीड महिन्याने, फुलं येऊ लागताच, कोवळा असतानाच कापून हिरवळीचं खत म्हणून तिथेच मातीत दाबा. उरलेल्या वाफ्यांत भेंडी, चवळी, अळू लावा. लाल माठ पावसाच्या मोठ्या झडीत आडवा होतो, त्याला उघडीप बघून पेरा. मेथी, पालक, मुळा ऑक्टोबरनंतर घ्या. सहा तास ऊन नसेल तर टोमॅटोचा हट्ट सोडा. तीन-चार तासांत पालेभाजी आणि अळू येतं.

तरीही बिघडलं तर

रोपं एका रात्रीत दांड्यापर्यंत खाल्लेली आणि वाटेवर चिकट चकाकती रेघ दिसली तर आफ्रिकी गोगलगायी आहेत. दिवसा त्या गवताच्या ढिगाखाली आणि विटांखाली लपतात, तेव्हा वाफ्याजवळचे ढीग आधी हलवा. रात्री टॉर्च घेऊन हातमोज्याने वेचून मिठाच्या पाण्याच्या बादलीत टाका. वाफ्यात मीठ शिंपडू नका.

सगळी रोपं एकसारखी फिकट आणि खुजी राहिली असतील तर बहुधा अर्धकच्चं गवत किंवा लाकडाचा भुसा मातीत मिसळलेला असतो. तो कुजताना मातीतलं नत्र ओढून घेतो. असा माल वरच अंथरा, आत कालवू नका. तोवर पंधरा दिवसांतून एकदा मूठभर पेंड पाच लिटर पाण्यात दोन दिवस भिजवून, गाळून द्या. त्या बादलीवर झाकण ठेवा आणि नारळाच्या करवंट्या, फुटक्या कुंड्याही उलट्या करून ठेवा, डासांच्या अळ्या त्यातच होतात.