व्हॅलिडिटीचं काम अकरावीतच सुरू करा

बारावी सायन्सनंतर राखीव जागेवर इंजिनिअरिंग किंवा मेडिकलला जायचं असेल, तर जात वैधता प्रमाणपत्रासाठी निकालाची वाट पाहू नका. अकरावीला कॉलेज सुरू झालं की प्राचार्यांच्या सही-शिक्क्याचा फॉर्म १५-ए (तुम्ही तिथे शिकत असल्याचा दाखला) घ्या, ऑनलाइन अर्ज भरा आणि कागदांचा संच जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे द्या. एसटीच्या मुलांसाठी समिती वेगळी आहे.

खरा वेळ जातो तो जुन्या पुराव्यात. अनुसूचित जातीसाठी १० ऑगस्ट १९५०, विमुक्त-भटक्यांसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीची जातीची नोंद लागते. आजोबा किंवा चुलत आजोबा ज्या शाळेत शिकले, तिथून प्रवेश-निर्गम रजिस्टरचा उतारा काढा. त्यात 'रामा', आधारवर 'रामचंद्र' असं निघालं की त्रुटी लागते; दोन्ही नावं एकाच माणसाची असल्याचं प्रतिज्ञापत्र आधीच जोडा. वडील, काका, आत्या यांच्यापैकी कुणाची व्हॅलिडिटी असेल तर सगळ्यात भक्कम आधार तोच. आईकडचे कागद इथे सहसा कामाला येत नाहीत.

नॉन-क्रिमीलेयर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात येत नसल्याचा दाखला, मात्र फार आधी काढू नका. २०२६-२७ च्या प्रवेशाला ते ३१ मार्च २०२७ पर्यंत वैध हवं. जेईईवरून आयआयटी-एनआयटीला अर्ज करणाऱ्या ओबीसी मुलांनी केंद्राच्या नमुन्यातला दाखला वेगळा काढावा, तोही त्या वर्षीच्या १ एप्रिलनंतरचा. राज्याचा दाखला तिथे चालत नाही.