चालत येणाऱ्याला पत्ता सांगताना

पुण्याच्या पेठांत कुणी पायी येणार असेल, तर 'दोनशे मीटर दक्षिणेला' असं सांगू नका. चालणाऱ्याला मीटर मोजता येत नाहीत, त्याला डोळ्यांना दिसणारी खूण लागते.

शनिवारवाड्यापासून मंडईचंच घ्या. 'शिवाजी रस्त्याने लाल महाल मागे टाका, मग दगडूशेठ गणपती लागेल. पुढे लक्ष्मी रस्ता आडवा जातो तो बेलबाग चौक. तो ओलांडून तसेच सरळ या, मंडईचा उंच मनोरा दिसेल.' १८८६ची ती दगडी अष्टकोनी इमारत, कुणीही ओळखेल.

खूण वळणावरचीच सांगा, वळणाच्या अलीकडची नको. नाहीतर माणूस एक बोळ आधीच वळतो. लांब सरळ रस्त्यावर मध्ये एखादी खूण द्या, म्हणजे बरोबर चाललोय असा धीर येतो. आणि 'अमुक दिसलं तर पुढे गेलात, मागे फिरा' हे तर मी कधीच विसरत नाही. सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच होतो.

'पूर्वी जिथे थिएटर होतं तिथे' हे नवख्याला सांगून काय उपयोग? दुकानाची पाटीही बदलते, रात्री शटर पडलं की ओळखू येत नाही. देऊळ, पार, मोठा वड, पूल यांवर भरवसा ठेवा. गणेशोत्सवात मात्र मांडवांमुळे ओळखीचा कोपराही झाकला जातो. तेव्हा चौकात उभं राहून फोन करायला सांगा आणि घ्यायला जा.