कीटकांमधलं स्प्लायसिंग शिकायचंय? डबलसेक्सपासून सुरू करा

फ्रूट फ्लायच्या लॅबमध्ये नवीन जेआरएफ (ज्युनिअर रिसर्च फेलो) लागले की अल्टरनेटिव्ह स्प्लायसिंग, म्हणजे एकाच जीनच्या आरएनएचे तुकडे (एक्झॉन) वेगवेगळ्या तऱ्हेने जोडणं, कुठनं शिकू म्हणून विचारतात, आणि निम्मे जण आधीच डीस्कॅम-१ या जीनचे पेपर डाउनलोड करून बसलेले असतात. साहजिक आहे म्हणा, आकडाच तसा आहे. एक्झॉन ४ चे १२ पर्याय, ६ चे ४८, ९ चे ३३ आणि १७ चे २, प्रत्येक गटातला एकच निवडला जातो, करा गुणाकार, ३८,०१६ प्रकार येतात, तेही एका जीनपासून! अख्ख्या माशीत प्रोटीन बनवणारे जीन्सच १४ हजारांच्या आसपास. पण पहिल्या वर्षी याच्या नादी लागू नका. शॉर्ट रीडवाल्या आरएनए-सीकमध्ये (आरएनएचे छोटे तुकडे वाचण्याची पद्धत) एक रीड एक्झॉन ४ पासून ९ पर्यंत पोचतच नाही, मग एकाच रेणूत कोण कोणाबरोबर आलं हे कळणार कसं? लाँग रीड लागतात, आणि त्याचं बजेट काढलं की गाईडचा चेहरा बघा.

त्यापेक्षा डबलसेक्स घ्या, माशीत नर-मादी ठरवणारा जीन. पहिले तीन एक्झॉन नर-मादीत सारखेच. मादीत पुढे चौथा जोडला जातो आणि तिथेच संपतं, नरात चौथा गाळून पाचवा-सहावा येतो. चौथ्याच्या आधीची स्प्लाइस साइट (जोड जिथे होतो ती जागा) मुळातच कमजोर आहे, मादीत ट्रान्सफॉर्मर आणि ट्रा-२ ही प्रोटीन्स त्या एक्झॉनवर बसून मशिनरीला तिथे खेचतात; नरात ट्रान्सफॉर्मर कामाचं बनतच नाही. म्हणून डीएनएला चिकटणारा भाग दोघांत तोच, शेपूट वेगळं, आणि त्या शेपटावर पुढचं सगळं नर-मादीपण ठरतं.

हे स्वतः आरटी-पीसीआर (आरएनएपासून डीएनए बनवून तो वाढवणं) करून जेलवर बघा. नर ओळखायचा तर मायक्रोस्कोपखाली पुढच्या पायावर काळ्या केसांचा छोटा कंगवा दिसतो, मादीला नसतो. फॉरवर्ड प्रायमर (पीसीआर सुरू करणारा डीएनएचा छोटा तुकडा) तिसऱ्या एक्झॉनमध्ये, एक रिव्हर्स चौथ्यात, दुसरा पाचव्यात. डीनेज (डीएनए तोडणारं एन्झाइम) ट्रीटमेंट टाळू नका, जीनोमिक डीएनए राहिला तर इंट्रॉनसकट (एक्झॉनमधला, एरवी कापून टाकला जाणारा भाग) बँड येऊ शकतो आणि मग दोन दिवस नसता शोध लागल्याचा आनंद. आरटी (आरएनएपासून डीएनए बनवणारं एन्झाइम) न टाकलेला कंट्रोल दर वेळी लावायचा, सीनियर काहीही म्हणोत.

माशीचं सगळं इतर किड्यांना लावू नका हं, रेशीमकिड्यात उलटं आहे, तिथे मादीचा प्रकार आपोआप बनतो आणि नरासाठी वेगळी सोय लागते.

शेतीकडून आलेल्यांनी गुलाबी बोंडअळी धरा. भारतातल्या बीटी कपाशीला दाद न देणाऱ्या अळ्यांमध्ये कॅडहेरिन जीनचं स्प्लायसिंग विस्कटलेलं सापडलं, २०१४ चा पेपर आहे. बीटीचं क्राय१एसी विष आतड्यात या कॅडहेरिनलाच चिकटतं, तेच तुटकं बनलं तर विष चिकटणार कशाला? विदर्भातल्या कोणाला हा विषय का महत्त्वाचा हे समजावायला लागत नाही. डासांकडे ओढा असेल तर २०१८ चं लंडनच्या इंपीरियल कॉलेजचं काम वाचा, ॲनोफिलिसच्या डबलसेक्समधल्या मादीच्या एक्झॉनच्या कडेवरच क्रिस्परने (डीएनए ठरल्या जागी कापणारं तंत्र) नेम धरला आणि पिंजऱ्यातले डास ७ ते ११ पिढ्यांत संपले. पेपर वाचताना एक्झॉन मात्र हाताने कागदावर काढत वाचा, नुसत्या आयजीव्हीच्या (जीनोम बघायचं सॉफ्टवेअर) स्क्रीनकडे बघून डोक्यात काही शिरत नाही.