दहावीच्या पटापासून मोजायला लागा

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात एका मराठी शाळेत मी बावीस वर्षं शिकवलं. घरातलं पहिलंच पोर कॉलेजला जातंय अशा मुलांसाठी आम्ही काही जण शिबिरं घेतो, फॉर्म भरून देतो, अडलेल्याची फी बघतो. सुरुवातीला शिबिराला किती आले तेवढंच मी मोजत होते. हॉल भरायचा, आणि दिवाळीनंतर त्यातलीच मुलं पीयूच्या, म्हणजे अकरावी-बारावीच्या, वर्गात दिसायची नाहीत.

म्हणून आधी दहावीचा पट घ्या. नापास झालेली, लग्न होऊन गेलेली, गवंड्याच्या हाताखाली लागलेली, सगळी नावं वहीत उतरवा. समजा पटावर 40, शिबिराला 20, आणि त्यांतली 15 पदवीला गेली, बाकी कुणीच नाही. मग यश पाऊणशे टक्के नव्हे, साडेसदतीस.

प्रत्येक नावापुढे चार रकाने आखा: पीयूचा प्रवेश, त्या वर्षीची दिवाळी, बारावीचा निकाल, पदवीचं दुसरं वर्ष. दिवाळीचा रकाना चुकवू नका. मराठीतून दहावी झालेलं पोर सायन्स घेतं आणि सगळंच एकदम इंग्रजीत येतं. वर्गात पहिली आलेल्या एका मुलीची फिजिक्सची वही मी चाळली होती. 'फोर्स'वर पेन्सिलीने 'बल', 'ॲक्सिलरेशन'वर 'त्वरण', असं चार पानं. पाचव्या पानावर पेन्सिल नव्हती. त्यानंतर आम्ही एप्रिल-मेमध्ये विज्ञानाच्या इंग्रजी शब्दांचा वर्ग सुरू केला.

मुलामुलींचे आकडे वेगळे काढा. जून 2023 पासून कर्नाटकात मुली-बायकांना साध्या सरकारी बसचं तिकीट नाही. नंतर मुली वाढल्या तर ते आपलंच यश म्हणू नका. 2023 आधीच्या दोन बॅच काढा, शिवाय आपण कधी न गेलेल्या शेजारच्या गावाचा पटही मागा. दोन्ही गावांत सारखीच वाढ असेल तर ती बसमुळे असू शकते.

देशाचा उच्च शिक्षणातला नोंदणी दर 2021-22 मध्ये 28.4 टक्के होता. तो 18 ते 23 वयाच्या लोकसंख्येवर काढतात. त्याच्याशी गावाची तुलना नको. ती नोंद कॉलेजांकडून जाते, त्यामुळे कोल्हापुरात शिकणारा निपाणीचा मुलगा महाराष्ट्रात मोजला जातो. आपल्या वहीत मात्र तो राहिला पाहिजे. त्यासाठी दहावीलाच दोन नंबर लिहून घ्या, घरचा आणि मामाचा. फोन केला की तारीख टाका.