छपराची दिशा सोयीची नाही, तरी सोलर पॅनल वाढवायचेत? या चुका टाळा

दक्षिणेकडची जागा संपली की पश्चिमेला चार पॅनल टाकायचं ठरतं. (विषुववृत्ताच्या खाली राहणाऱ्यांनी दक्षिणेच्या जागी उत्तर वाचावं.) त्यात वाईट काही नाही. वाईट आहे ती पुढची घाई: जुन्या स्ट्रिंगच्या (एकामागोमाग जोडलेल्या पॅनलच्या माळेच्या) शेपटाला नवे पॅनल जोडून मोकळं होणं.

मीही हे करून बसलोय. दक्षिणेला आठ जुने, पश्चिमेला चार नवे, सगळे एका सिरीजमध्ये. दुपारी आकडा झकास. दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला घरमालकांचा फोन, "अहो, आधीपेक्षा कमी दाखवतंय!" वायरला क्लॅम्प मीटर (वायर न तोडता करंट मोजणारा चिमटा) लावला तर २ अँपिअर. चार पॅनल जोडायच्या आधी याच वेळी हीच वायर ७ देत होती. सिरीजमध्ये सगळ्यांतून करंट एकच वाहतो, आणि पश्चिमेच्या पॅनलवर सकाळी नुसता आभाळाचा उजेड. मागे पडलेल्या पॅनलला वळसा घालून करंट नेणारे बायपास डायोड असतात, मान्य; पण तो इन्व्हर्टर २ अँपिअरवरच अडून बसला. बारा पॅनल असून आठांच्या निम्मीही वीज नाही.

तेव्हापासून एक दिशा, एक स्ट्रिंग, तिला वेगळा एमपीपीटी, म्हणजे स्ट्रिंगमधून जास्तीत जास्त वीज काढणारं इन्व्हर्टरचं स्वतंत्र इनपुट. असं इनपुट शिल्लक नसेल तर दोन्ही दिशांना सारखेच पॅनल, सारख्याच संख्येने लावून दोन स्ट्रिंग पॅरलल करा. ऊन कमी झालं की पडतो तो करंट. व्होल्टेज फारसं हलत नाही, म्हणून हे चालतं. तेही जमत नसेल तर नव्या पॅनलना मायक्रोइन्व्हर्टर, म्हणजे पॅनलपाशीच बसणारा छोटा इन्व्हर्टर.

दुसरी चूक उतावळ्यांची खास. "४९ व्होल्टचे १२ म्हणजे ५८८, इन्व्हर्टर ६०० व्होल्टपर्यंतचा, बसतंय की!" अहो, लेबलवरचा आकडा २५ अंशांचा असतो. पॅनल गारठला की ओपन सर्किट व्होल्टेज (करंट वाहत नसतानाचं, लेबलवरचं हेच) अंशामागे साधारण ०.३ टक्के चढतं. ५ अंशांच्या पहाटे तेच ६२३ होतं. मी गेल्या काही वर्षांतलं सगळ्यात कमी तापमान धरतो आणि तरीही एक पॅनल कमीच लावतो.

नवे मोठे पॅनल १३-१४ अँपिअर देतात. जुन्या इन्व्हर्टरची करंट मर्यादा आधी वाचा. पूर्वेच्या उतारावर स्टँड ठोकून पॅनल दक्षिणेकडे वळवू नका: पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडते, वर वाऱ्याचा मार. वेगवेगळ्या कंपन्यांचे कनेक्टर एकमेकांत खुपसू नका, बसले तरी तापतात.

आणि चालू करंटवर कनेक्टर ओढू नका, डीसीची ठिणगी लवकर विझत नाही. मी आयसोलेटर (डीसी लाइन तोडणारा स्विच) पाडतो, क्लॅम्प मीटरवर शून्य बघतो, मगच हात लावतो.