सोलर पॅनल थंड करताय? आधी या चुका टाळा

एप्रिलमधली गोष्ट. कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या गच्चीवर भर दुपारी पाईप धरून मी पॅनल धूत होतो. मोबाईलवर वॅटचा आकडा चढला आणि मी खूश! पंधरा मिनिटांत काच सुकली, आकडा परत जागेवर. महिन्याभरानं काचेवर बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग बसले आणि सकाळची वीजही घटली.

हीच पहिली चूक. तापलेल्या काचेवर गार पाणी मारलं तर तडा जायची भीती, आणि क्षाराचे डाग घासून निघत नाहीत. धुवायचंच तर उजाडताना, नळाच्या पाण्यानं.

दुसरी चूक हिशेबाची. पॅनलवर छापलेले वॅट हे आतल्या सेलचं तापमान 25 अंश धरून असतात. उन्हाळ्यात ते सहज 60 वर जातं. प्रत्येक अंशाला साधारण 0.35 टक्के घट धरा, म्हणजे 12 टक्के. तीन किलोवॅटला फार तर 360 वॅट. फवाऱ्यासाठी लावलेली अर्ध्या एचपीची मोटर त्याहून जास्त वीज खाते. बसा बोंबलत!

फुकटचा गारवा वाऱ्याचा. पण पैसे वाचवायला पॅनल पत्र्याला चिकटवून बसवतात, मग खालून तापलेला पत्रा, वरून ऊन. पत्रा आणि पॅनलमध्ये निदान वीतभर जागा हवी. आमच्याकडं त्या फटीत जुन्या कुंड्या, फळकुटं कोंबलेली होती. ती काढली तेव्हा हात घालून बघितलं, वारा लागत होता. शेजारच्या काकांनी गारव्यासाठी पॅनलवर हिरवी जाळी टाकली होती. सावलीत वीज कुठून येणार, काका?

साखर कारखान्यांच्या गळीत हंगामात काळी राख उडून गच्चीवर येते, ती वेगळी कटकट. तारेच्या घासणीनं खरवडू नका, काचेवरचा लेप जातो. मऊ फडकं आणि भरपूर पाणी पुरे.

आणि एक. दुपारी वीज थोडी कमी झाली तर ती उष्णता. दिवसभर कमी असेल तर धूळ किंवा सावली. पण दुपारी आकडा एकदम शून्यावर येऊन थोड्या वेळानं परत सुरू होत असेल, तर पाणी मारू नका. बहुतेक वेळा लाईनचं व्होल्टेज वाढून इन्व्हर्टर, म्हणजे पॅनलची वीज घरात वापरण्याजोगी करणारा डबा, ट्रिप झालेला असतो. त्याच्या स्क्रीनवरचा एरर कोड लिहून घ्या आणि वायरमनला दाखवा.